अत्तम्मा

हत्तीअंबीरे हे आडनाव आमच्या कारखान्यात कुणालाच धड उच्चारता यायचं नाही. नांदेडकडे या आडनावाची घरं आहेत. पण औषधांची कच्ची रसायनं बनवणारा आमचा कारखाना हैदराबादच्या बाहेर, आणि कामगार जवळजवळ सगळे तेलुगू. त्यांनी सुरुवातीचा ‘ह’ गिळून टाकला, पुढचं सगळं सोडून दिलं आणि उरलं ते ‘अत्ती मेडम’. तिथून ‘अत्तम्मा’ व्हायला वेळ लागला नाही. तेलुगूत अत्तम्मा म्हणजे सासूबाई.

बाईंना हे ठाऊक होतं आणि आवडतही होतं. “सासूचं एक बरं असतं देशपांडे,” त्या मला म्हणाल्या होत्या. “ती नुसती येऊन उभी राहिली तरी सून भांडं दोनदा घासते.”

त्या उत्पादन विभागाच्या मॅनेजर होत्या. मी नियोजन विभागात. कुठला माल कधी तयार होणार आणि कधी गाडीत चढणार, एवढंच माझं काम. रसायनशास्त्र मी बारावीनंतर सोडलेलं. पण कंपनीच्या बसमध्ये मी जामबागच्या जवळ चढायचो आणि त्या विद्यानगरला, आणि सगळ्या बसमध्ये मराठी बोलणारी आम्ही दोघंच. त्यामुळे माझ्याशेजारची जागा आपोआप त्यांची झाली.

आमच्या घरातली मराठी आजोबांच्या वकिलीतली, जपून वापरलेली. त्यांची मराठी नांदेडची, तीवर दख्खनीचा रंग चढलेला आणि वरून तेलुगू शिंपडलेली. वडील रेल्वेत होते, त्या नामपल्लीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेल्या. ‘हो’ला ‘हौ’ म्हणायच्या, ‘नको’ला ‘नक्को’. मी काही ठेवणीतला शब्द वापरला की खिडकीबाहेर बघत तो पुन्हा म्हणून बघायच्या. “‘तूर्तास.’ वा. आमच्याकडं ‘आत्ता नक्को’ म्हणतात. तेवढंच काम होतं.”

बुटक्या, अंगानं भरलेल्या, चालणं जरासं डुलणारं. सुती साडीवर कारखान्याचा निळा कोट, बाह्या मनगटापर्यंत बटण लावून बंद. उन्हाळ्यातही बाही वर गेलेली मी पाहिली नाही. या बाह्यांवरून कारखान्यात एक मोठी दंतकथा तयार झाली होती. कुणी म्हणायचं, पूर्वीच्या नोकरीत मोठा स्फोट झाला, हात भाजलेत, म्हणून झाकतात. कुणी म्हणायचं, सख्खा भाऊ गेला त्यात. त्याशिवाय कुणी एवढं सांभाळून राहील का?

एकदा बसमध्ये मी धीर करून विचारलं. त्यांनी सरळ बटण काढून बाही कोपरापर्यंत वर केली. हात स्वच्छ, गोरटा, एक डागही नाही.

“उन्हानं पुरळ उठतं हो. बाकी काय नाही.”

“म्हणजे तुमच्या बाबतीत कधी काही...”

“कायबी घडलं नाही. लोकांना वाटतं, घडल्याशिवाय माणूस जपत नसतो.” बाही खाली करत म्हणाल्या, “घडू नये म्हणून तर पगार घ्यायले मी.”

त्यांच्याकडे एक विशिष्ट प्रक्रिया होती. कंपनीचं सगळ्यात महाग औषध त्या प्रक्रियेवर उभं होतं, म्हणून मलाही ती समजून घ्यावी लागली. दुसऱ्या मजल्यावर एक मोठा रिअ‍ॅक्टर, म्हणजे पोलादाचं बंद पातेलंच म्हणा. बाहेरून दुहेरी भिंत, तिच्यात हवी तेव्हा वाफ सोडायची किंवा बर्फासारखं गार पाणी. पातेल्यात कोरड्या द्रावकात मॅग्नेशियमचा कीस, आणि वरच्या टाकीतून दुसरा एक द्रव थेंबाथेंबानं आत सोडायचा. दोघांची गाठ पडली की उष्णता निघते, भरपूर निघते. ती गार पाण्यानं काढून घेत राहायचं. एकदा चालू झालं की सोपं.

अवघड होतं ते चालू होणं. ही प्रक्रिया सुरुवातीला रुसून बसते. म्हणून वरच्या द्रवाचा अगदी थोडा हिस्सा आधी आत सोडायचा आणि थांबायचं. काचेच्या झरोक्यातून बघायचं. आतलं द्रावण गढूळ होतं, बुडबुडे उठतात, आणि बाहेरून ऊब न देता तापमान आपलं आपण चढायला लागतं. तेव्हा ‘लागली’ म्हणायचं. ती लागेपर्यंत पुढचा एक थेंबही सोडायचा नाही.

“का नाही?” मी विचारलं होतं. “लागत नसेल तर थोडं आणखी घालून बघायचं.”

“सगळे हेच म्हणतात.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “लग्नाचा हॉल समजा. आचारी अजून आलेलाच नाही. तुम्ही दार उघडून माणसं आत घेत बसलात, घेत बसलात. सगळी उपाशी. शांत दिसतात, म्हणून तुम्हाला वाटतं सगळं ठीक आहे. मग एकदम जेवण आलं. काय होईल? पहिली पंगत बसली, जेवायली, हे बघून पुढची माणसं आत सोडायची. आमचं काम एवढंच आहे. बाकी सगळं इंग्रजीत लिहिलंय.”

नव्या इंजिनिअरांना त्या एकच प्रश्न विचारायच्या. लागली नाही तर काय कराल? मुलं हुशारीनं सांगायची : तापमान वाढवू, ढवळणं वाढवू, अमुक घालू. त्या सगळं ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “आता काय करणार नाही ते सांगा.” इथं मुलं गप्प व्हायची. इम्तियाज नावाचा एक मुलगा मात्र म्हणाला होता, “मॅडम, घर नहीं जाऊंगा.” त्यावर त्या इतक्या हसल्या की डोळ्यांना पदर लावावा लागला. तो पुढे त्यांचा उजवा हात झाला, शिफ्टचा प्रमुख झाला.

एकदा सुट्टीच्या दिवशी काही कागदांवर माझी सही हवी म्हणून त्या जामबागला आमच्या घरी आल्या. आई दारातच होती. आमच्या जुन्या घरांमध्ये पाहुण्याला जो प्रश्न पहिल्यांदा विचारला जातो तो आईनं विचारला : “मूळचे कुठले तुम्ही?” त्या प्रश्नात काय काय विचारलेलं असतं ते विचारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही माहीत असतं. मी आत अवघडून उभा.

“नांदेडकडचे. आम्ही बौद्ध,” त्या म्हणाल्या. चप्पल काढता काढता, जसं कुणी विद्यानगरला राहतो म्हणून सांगेल तसं.

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, “बसा. उन्हातनं आलात. सरबत करते.” सरबत आलं, मग पोहे आले, मग हैदराबादी आंबट वरण कुणाचं खरं यावर दोघींचा वाद रंगला. सही तशीच राहिली. त्यानंतर आई मला महिन्यातून एकदा तरी विचारायची, “त्या तुझ्या बाई पुन्हा का येत नाहीत रे?” आल्या, पुष्कळदा आल्या. आईच्या आजारपणात तर माझ्या आधी त्यांना डॉक्टरांचं म्हणणं माहीत असायचं.

आता त्यांची चूक झाली तीही सांगायला हवी, कारण पुढचं तिच्यावर अवलंबून आहे.

एका बॅचला थोडा हिस्सा आत सोडला, सगळे थांबले, तापमान हलेना. झरोक्याची काच आतून धुरकटलेली, नीट दिसत नव्हतं. इम्तियाज म्हणाला, मॅडम, मला द्रावण गढूळ झाल्यासारखं वाटतंय. त्यांनी तापमापीकडे बोट दाखवलं. ती स्थिर. त्यांनी बॅच थांबवली आणि नियमानुसार सगळं गार करून, निष्क्रिय करून टाकून दिलं. कंपनीला मोठा फटका बसला. नंतर उघडून पाहिलं तर तापमापीच्या नळीवर राळेसारखा थर चढलेला. प्रक्रिया व्यवस्थित लागलेली होती. तापमापीला ती कळलीच नव्हती.

बैठकीत सगळे त्यांच्याकडे बघत होते. मीही होतो तिथे, माझी गाडी रिकामी गेली होती.

“चूक माझी आहे,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “दोन गोष्टी वेगवेगळं सांगत होत्या, मी एकीवर विश्वास ठेवला. इम्तियाजचं बरोबर होतं. पण असं पुन्हा झालं, दोन गोष्टी दोन सांगायला लागल्या, तर मी पुन्हा थांबवीन. तेवढं लिहून घ्या.”

शेवटचं ते ‘पुन्हा थांबवीन’ नसत्या बोलल्या तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं. त्या वर्षी त्यांची बढती निश्चित मानली जात होती. ती गेली. त्यांनी रिअ‍ॅक्टरला दुसरी तापमापी वेगळ्या जागी बसवून घेतली, झरोक्याला आतून धुण्याची सोय करून घेतली आणि पूर्वीसारख्याच बसमध्ये चढू लागल्या. फक्त काही दिवस त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. रागावल्या नव्हत्या. खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून असायच्या. एकदा डोळे न उघडताच म्हणाल्या, “पोरगं बरोबर सांगत होतं हो.” बढतीचं त्यांनी कधी काढलं नाही. इम्तियाजचं ऐकलं नाही, हेच एक त्यांच्या मनाला लागून राहिलं होतं.

बढतीच्या त्या जागेवर बाहेरून रेड्डी सर आले. माणूस वाईट नव्हता. तडफदार, कामाला वाघ, कामगारांची नावं पाठ करणारा. पण येतानाच त्यांच्या कानावर आलेलं होतं की इथं एक बाई आहेत, भितऱ्या आहेत, चांगली बॅच फेकून देतात. आणि वरून त्यांच्यावर दबाव असा की परदेशी जाणारा माल वेळेत गेला नाही तर करारच जाणार. तो दबाव त्यांच्यापर्यंत पोचवणारा कागद माझ्याच टेबलावरून जात असे.

उन्हाळ्यातला दिवस होता. बॅच सकाळी सुरू झाली. थोडा हिस्सा आत गेला आणि सगळे थांबले. एरवी अर्ध्या तासात लागते. तास गेला, लागली नाही. बाईंनी जपून थोडी ऊब दिली, लागायला मदत म्हणून आयोडीनची चिमूट टाकायची असते ती टाकली. काही नाही. दोन्ही तापमाप्या एकच सांगत होत्या, झरोका स्वच्छ होता, आत द्रावण नितळ. जेवणाची वेळ टळून गेली. मी खालून वर, वरून खाली करत होतो, कारण गाडी फाटकात उभी होती.

रेड्डी सर वर आले तेव्हा घामाघूम झाले होते.

“मॅडम, पहिला हिस्सा कमी पडला असेल. आणखी थोडं सोडा.”

“नाही सर.”

“तेवढंच. जास्त नाही म्हणत मी.”

“आत गेलेलं अजून तसंच बसलंय सर. ते लागल्याशिवाय वर काही नाही. नाहीतर बॅच सोडून देऊ.”

“पुन्हा?” रेड्डी सर म्हणाले. त्या एका शब्दात मागची सगळी बैठक होती. बाईंचा चेहरा लाल झाला, पण त्या जागच्या हलल्या नाहीत. सरांनी मान वळवली. “इम्तियाज, व्हॉल्व्ह खोलो.”

इम्तियाजनं व्हॉल्व्हच्या चाकावर हात ठेवला. त्याच्या घरी नुकतंच बाळ झालं होतं, नोकरी त्याला हवी होती. त्यानं चाक फिरवलं नाही आणि हातही काढला नाही. तो बाईंकडे बघत राहिला.

बाई पुढे झाल्या आणि त्याचा हात धरून चाकावरून बाजूला केला. आईनं मुलाचा हात गरम तव्यापासून बाजूला करावा तसा, न रागावता.

“तू नक्को बेटा. ह्यात तुझा हात नक्को.” मग सरांकडे वळल्या. “सर, तुम्ही मोठे आहात. खोलायचं तर तुम्ही खोला, मी अडवणार नाही. मी इथंच तुमच्या बाजूला उभी राहते. फक्त बाकीच्यांना आधी खाली जाऊ द्या.”

आणि वळून सगळ्यांना म्हणाल्या, “किंदिकी वेळ्ळंडी. अंदरू.” खाली जा, सगळे. कामगार निघाले. माझ्याकडे बघून म्हणाल्या, “देशपांडे, तुम्हीपण.”

मी गेलो. खाली कडुनिंबाच्या झाडाखाली सगळे उभे होतो, वर मान करून. इम्तियाज जिन्यात, वरून दुसऱ्या पायरीवर थांबला होता, ना वर ना खाली. वर काय झालं ते त्यानं पाहिलं आणि नंतर मला सांगितलं. रेड्डी सरांनी चाकावर हात ठेवला. बाई शेजारी उभ्या राहिल्या, पदर खोचून, तापमापीकडे बघत.  सर चाकाकडे बघत होते, मग बाईंकडे, मग पुन्हा चाकाकडे. बराच वेळ गेला. शेवटी हात काढून ते म्हणाले, “ठीक आहे. संपवा बॅच,” आणि कुणाकडे न बघता खाली उतरले. आमच्याजवळून गेले तेव्हा त्यांचा चेहरा बघवत नव्हता.

बॅच टाकून द्यायची तयारी सुरू झाली. इम्तियाज वर गेला. आधी गार करायचं, म्हणून थंड पाणी सुरू करायला बाई नियंत्रणाच्या फळीकडे वळल्या, तेवढ्यात ती लागली.

खाली आम्हाला आधी आवाज ऐकू आला. पातेल्यात कुणी वाळू ओतावी तसा, मग नळ्या थरथरायला लागल्या, मग वाफ गार करणाऱ्या वरच्या काचेच्या शीतकातून द्रावकाचे लोंढे परतायला लागलेले खालून दिसले. कुणीतरी “अय्यो” म्हणालं. रेड्डी सर ऑफिसच्या पायरीवरून मागे वळले. वरून बाईंचा आवाज, चढलेला पण शांत : “इम्तियाज, गार पाणी पूरं खोल! पूरं! तिकडचंबी!” तापमान झपाट्यानं चढत होतं, धोक्याच्या रेषेपर्यंत गेलं, तिथं घुटमळलं. सगळं कारखान्याचं अंगण श्वास रोखून उभं होतं. मग आवाज हळूहळू मंद झाला आणि एखादी आमटी उकळावी तसा एका लयीत येत राहिला.

रेड्डी सर जिना चढून वर गेले. मीही मागोमाग गेलो. बाई झरोक्यात बघत होत्या.

“हे... एवढ्याशा हिश्श्याचं?” सरांनी विचारलं.

“हौ सर. एवढ्याचंच.”

सर कठड्याला धरून उभे राहिले. त्यांनी जे आणखी घालायला सांगितलं होतं त्याचा हिशेब त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होता. बाई त्या चेहऱ्याकडे बघत राहिल्या नाहीत. वळून इम्तियाजला म्हणाल्या, “बॅच चांगली लागलीय. कशाला फेकायची? खोल आता. मेल्लगा.” हळूच. त्यानं चाक फिरवलं आणि वरच्या टाकीतून बारीक धार सुरू झाली. माझी गाडी दुसऱ्या दिवशी गेली. करार राहिला.

त्या संध्याकाळी कँटीनमध्ये बाई एकट्या बसलेल्या दिसल्या. समोर चहा. त्यांनी चहा बशीत ओतला, पण बशी तोंडाला लावली नाही. त्यांनी कप खाली ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले.

“घाबरलात?” मी विचारलं.

“मग? माझं काळीज काय लोखंडाचं आहे?” कप बाजूला सारत म्हणाल्या, “एक विचारू का देशपांडे? त्यांनी खरंच खोललं असतं, तर मी उभी राहिले असते की पळाले असते?”

“तुम्ही उभ्याच होता की.”

“ते चाक बंद होतं तोवर.” बशीतल्या चहाकडे बघत त्या म्हणाल्या, “मला माहीत नाही हो. खरंच माहीत नाही. घरी दोन पोरं आहेत माझी.”

 बशीतला चहा त्यांनी पुन्हा कपात ओतला आणि गार झालेला पिऊन टाकला.

रेड्डी सरांनी माफी वगैरे मागितली नाही. पण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मजल्यावर रिअ‍ॅक्टरच्या शेजारी एक खुर्ची आली, चांगली गादीची, आणि भिंतीवर पंखा. कुणी मागितला नव्हता. सरांनी स्टोअरवाल्याला एवढंच सांगितलं होतं म्हणे, की मॅडमना थांबायला लागतं. बाई त्या खुर्चीवर कधी बसल्या नाहीत. “बसलं की झोप येते,” म्हणायच्या. कामगार आळीपाळीनं बसायचे. पंख्याखाली मात्र त्या आवर्जून उभ्या राहायच्या. आणि तेव्हापासून बॅच रुसली की सर वर येत, बाईंच्या शेजारी उभे राहत, आणि घड्याळ बघत नसत.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा निरोपाच्या समारंभात भाषण करायला तयार नव्हत्या. फारच आग्रह झाला तेव्हा तेलुगूत म्हणाल्या की सासू घरी चाललीय, आता सुनांनी मोकळं राहावं, पण भांडी दोनदा घासावीत. सगळे हसले. इम्तियाज हसला नाही. तो मागे तोंड फिरवून उभा होता.

त्यानंतर एकदाच त्यांची गाठ पडली. जानेवारीत नामपल्लीला नुमाइश, म्हणजे मोठं प्रदर्शन, भरते, तिथे मी बायकोला आणि मुलीला घेऊन गेलो होतो. संध्याकाळची वेळ, काश्मिरी शालींच्या दुकानांपुढून वाट काढत आम्ही आकाशपाळण्यापाशी आलो, आणि रांगेत बाई उभ्या. निळा कोट नाही, जरीकाठाची साडी, बाजूला सरकारी ऑफिसातून निवृत्त झालेले त्यांचे यजमान, हातात बाईंच्या चपला आणि चेहऱ्यावर नाराजी. ते वर जाणार नव्हते. बाई एकट्याच जाणार होत्या. मुलगा कॅनडात बोलावतोय, पुढच्या महिन्यात निघणार, म्हणून हैदराबादेतलं एक एक राहिलेलं उरकून घ्यायचं चाललं होतं.

पाळणा जुनाच होता, करकरत होता. मी हसून म्हटलं, “मॅडम, बसायच्या आधी नटबोल्ट तपासले का? ते चालवणाऱ्या पोराला दोन प्रश्न तरी विचारा.”

“कैकू? कशाला?” त्या म्हणाल्या. “ते त्याचं काम आहे. मी तिकीट काढलंय.”

आणि पाळण्यात चढल्या. दांडी लागली, पाळणा हलला. वर गेल्या तेव्हा संध्याकाळचं ऊन त्यांच्या अंगावर आलं. पदर उडत होता, तो त्यांनी धरला नाही. पाळणा वरून खाली घसरताना त्यांनी दोन्ही हात हवेत सोडले आणि लहान मुलीसारख्या मोठ्यानं ओरडल्या. यजमान मान खाली घालून उभे होते. खाली आल्या तेव्हा पाळणा थांबवणाऱ्या पोराला हातानंच खूण केली, अजून एक फेरी, आणि पुन्हा वर गेल्या.